रात्री चहा-खारीवर भागवू नकोस

अगं, बारीक झालीस म्हणून सगळे कौतुक करतायत, पण तू खूश होऊ नकोस. साठी उलटल्यावर काही न करता ब्लाउज सैल व्हायला लागला, तर चरबी किती गेली आणि स्नायू किती झडले, हे वजनकाटा सांगत नाही. खुर्ची भिंतीला टेकव, हात छातीशी बांध आणि पाच वेळा उठबस कर. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर डॉक्टरांच्या कानावर घाल. आशियाई तज्ज्ञांनी 2019 मध्ये ठरवलेली खूण आहे ती.

आपलं दुपारचं ताट बरं असतं. घोळ होतो तो सकाळी आणि रात्री. सकाळी चहा-पोहे, रात्री 'हलकं काहीतरी' म्हणून भाताची पेज, नाहीतर नुसतीच चहा-खारी. वय झालं की स्नायू थोडक्या प्रथिनांना दाद देत नाहीत. भूक कमी होते आणि गरज वाढते, अशी पंचाईत आहे. वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. तू साठ किलोची, म्हणजे 60 ते 72 ग्रॅम, आणि तीही तिन्ही वेळा वाटून. एका अंड्यात 6 ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच किंवा किंचित जास्त, मूठभर शेंगदाण्यांत सातेक, तेवढ्याच कोरड्या डाळीतही सातेक.

पण डाळ वाटीत यायला हवी ना! वरणाचं पातेलं जरा वेळ ठेवलं की डाळ तळाशी बसते, आणि आपण वरच्यावर डाव बुडवून वाढतो. वाटीत येतं ते हिंग-हळदीचं पाणी. डाव तळाला लावून ढवळ, मगच वाढ. त्याहून बरं म्हणजे रात्री घट्ट पिठलं कर. कवळी असली तरी चावायचा त्रास नाही. नाहीतर मुगाचं धिरडं आणि सोबत वाटीभर दही. जावेकडे मासे चालतात, तिला सुकटीची चटणी रोज घे म्हणावं.

चतुर्थी, एकादशी, वर सोमवार. उपास सोड असं मी म्हणणार नाही. पण साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि दूध घे.

नुसतं खाऊन मात्र पाय भरत नाहीत, त्यांना भार लागतो. बोस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मंडळींनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली, तर त्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. 1990 सालचा अभ्यास आहे हा. तुला तर अजून पुष्कळ वाव आहे. तीच खुर्चीची उठबस सकाळ-संध्याकाळ कर, ओट्याला धरून टाचा उचल. चालणं चांगलंच, पण तेवढ्यावर थांबू नकोस.

सगळ्यात जास्त जप ते आजारपणात. दहा दिवस अंथरुणाला खिळलं तर धडधाकट म्हाताऱ्यांच्याही पायांचं जवळपास किलोभर मांस झडतं. म्हणून ताप उतरला की डॉक्टरांना विचारून लगेच उठून बसायचं, आणि पेजेत मुगाची डाळ शिजवून घ्यायची. भावजींचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, त्यांना यातलं काही परस्पर सुरू करू नकोस. त्यांच्या प्रथिनांचं माप डॉक्टरांनीच ठरवायचं.