दोन जिवांचं ताट

पुणे,
आषाढ

चि. सौ. केतकी हिस,


तू पाठवलेली यादी नीट वाचली. पपई नको, अननस नको, वांगं नको, तीळ नकोत, बाजरी उष्ण, केळं थंड, दही वातूळ, अंडं गरम. तिसरा महिना, मळमळीनं आधीच घास उतरत नाही, त्यात भेटायला येणारी प्रत्येक बाई यादीत एका पदार्थाची भर घालून जाते. ‘आत्या, मग मी खाऊ तरी काय?’ असं तू शेवटी विचारलंस. प्रसूती विभागातल्या बायकांना आहार सांगण्यातच माझी नोकरी झाली आणि हाच प्रश्न मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला. म्हणून फोनवर दोन वाक्यांत न उरकता सविस्तर लिहिते. वाचून झालं की हे पत्र सासूबाईंनाही दे.

मुख्य गोष्ट आधी सांगते. गरोदर बाईला अपाय करणारे पदार्थ मोजकेच आहेत. ते कच्चे, न उकळलेले, अस्वच्छ किंवा शिळे असतात म्हणून बाधतात. उष्ण-थंडाच्या हिशेबानं ताटातून काढलेले बहुतेक पदार्थ मात्र तुझ्या आणि बाळाच्या गरजेचेच आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा देशात बाजरी, तीळ, अंडी आणि पालेभाजी गर्भारणीच्या ताटातून काढणं म्हणजे दुखण्याला हात देणं आहे.

पपईचा धाक सगळ्यात मोठा, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कच्च्या पपईत चीक असतो आणि त्या चिकानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. २००२ साली सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर हे तपासलं, तेव्हा चिकाचा परिणाम दिसला, पूर्ण पिकलेल्या पपईचा दिसला नाही. म्हणून कच्ची किंवा अर्धी पिकलेली पपई, तिची कोशिंबीर, तिची भाजी टाळ. पिवळीधमक पिकलेली फोड खाल्लीस तर घाबरायचं कारण नाही, आणि मनात शंका राहणार असेल तर नको खाऊस. पेरू, संत्रं, चिकू, केळं आहेच. अननसाच्या दोन-चार फोडींनीही काही होत नाही. वांगं, शेवगा, तीळ, शेंगदाणे, गूळ, बाजरी खुशाल खा. मेथीची भाजी खा, फोडणीत मेथ्या घाल. मेथ्यांची आणि अळिवाची औषधासारखी भरपूर मात्रा मात्र आत्ता नको, ते लाडू बाळंतपणानंतर.

आता खरी काळजी कशाची घ्यायची ते ऐक. पहिली पाण्याची. पावसाळा सुरू आहे, तुमच्याकडे विहिरी तुडुंब भरल्या असतील आणि पाणी गढूळ येत असेल. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस-ई ही कावीळ एरवी बहुतेकांची आपोआप बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायकांच्या जिवावर बेतू शकते. हे तुला घाबरवायला सांगत नाही. पपईवर जेवढी चर्चा घरात होते, तेवढी पाण्यावर होत नाही, म्हणून सांगते. पाणी खळखळ उकळून, झाकून ठेवून पी. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, रस्त्यावरचा उसाचा रस, आधीच चिरून ठेवलेली फळं एवढं बाळ होईपर्यंत बंद. चाट खावीशी वाटली तर घरच्या पाण्यानं घरी करून खा, चिंच-पुदिन्याला माझी ना नाही.

दुसरी काळजी दुधाची. धारोष्ण दूध पौष्टिक अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला आणि लिस्टेरिया हे जंतू पोटात जाऊ शकतात आणि त्यांच्यामुळे गर्भपात होऊ शकतो. गोठा घरचा असला तरी दूध उकळूनच घ्यायचं. उकळलेल्या दुधाचं घरी विरजलेलं दही, ताक, लोणी सगळं चालतं. सुट्टं पनीर कच्चं खाऊ नकोस, भाजीत शिजवून खा. खरवस कुणी आणून दिला तर तो आतपर्यंत नीट उकडलेला आहे ना ते पाहा.

तिसरी काळजी कच्च्या खाण्याची. वर्ज्य वार सोडून अंडं रोज एक खा, पण कडक उकडलेलं किंवा दोन्ही बाजूंनी भाजलेलं; मधला बलक वाहता नको. मटण-कोंबडी आतपर्यंत शिजलेली हवी. मोड आलेली मटकी कच्ची खाण्याची फॅशन आहे, पण मोड येतात त्याच उबेत आणि ओलाव्यात जंतूही वाढतात. मटकीची उसळ कर, सत्त्व फारसं कुठे जात नाही. कोथिंबीर, काकडी, टोमॅटो वाहत्या पाण्यात चोळून धू, कारण मातीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो. घरात मांजर आहे, तिची घाण काढायचं काम आता दुसऱ्या कुणाकडे दे. रात्रीचा आमटी-भात सकाळी खायचा असेल, तर जेवण झाल्या झाल्या फ्रिजमध्ये ठेवलेला आणि वाफ येईपर्यंत गरम केलेलाच खा.

मासे ‘मुळीच नकोत’ असं मालवणात राहणाऱ्या मुलीला कुणी सांगावं, याचंच मला वाईट वाटलं. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील यांच्यातून उत्तम प्रथिनं मिळतात, आणि तारली-बांगड्यातली चरबी बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागते. आठवड्यातून दोन-तीनदा मनसोक्त खा. टाळायचे ते मोठे शिकारी मासे. समुद्रातला पारा लहान माशांतून मोठ्यांच्या अंगात साठत जातो आणि तो बाळाच्या मेंदूला बाधतो. म्हणून मुशी आणि तलवार मासा नको. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी करतात हे मला ठाऊक आहे, पण आत्ताही नको आणि अंगावर पाजत असतानाही नको. सुरमईचा तुकडा आठवड्यातून एखादाच. सध्या मासेमारीची बंदी आहे, तेव्हा घरात सुकट-बोंबील निघत असणार. ते गरम पाण्यात नीट धुऊन, चांगले शिजवून खा, फक्त मीठ त्यात आधीच असतं हे लक्षात ठेव. कलेजी रक्त वाढवते म्हणून कुणी आग्रह केला तर नम्रपणे नको म्हण. तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की त्याचा अतिरेक पहिल्या महिन्यांत बाळाच्या घडणीला घातक ठरू शकतो.

काय टाळायचं ते इथे जवळपास संपलं. आता काय खायचं, ते जास्त मन लावून वाच.

१९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गरोदर गिरणी कामगार बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा तिनं अभ्यास केला. कारण त्यांच्या निकृष्ट आहारात सापडलं, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बायका सुधारल्या. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला आणि १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. तुझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दिलेली छोटी गोळी तीच. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चारच आठवड्यांत मिटते, म्हणून ही गोळी खरं तर दिवस राहण्याआधीपासून हवी. तू ती लगेच सुरू केलीस हे चांगलं झालं. तुझ्या जावेलाही आत्ताच सांगून ठेव.

दुसरी गोष्ट आपल्या पुण्याची. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. एकूण खाणं किती, यापेक्षा त्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा घेत होत्या, याच्याशी बाळांच्या जन्माच्या वेळच्या वजनाचं नातं दिसलं. यातली एकही गोष्ट महागड्या दुकानातून आणावी लागत नाही. तुमच्या परसात अळू आहे, शेवगा आहे, बाजारात राजगिरा-चवळई येते. रोज एक पालेभाजी, रोज दोन फळं, रोज दोन पेले दूध किंवा तेवढं दही-ताक, एवढा नेम कर. याच अभ्यासात अनेक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. ते फक्त दूध, अंडी, मासे आणि मटणात असतं. तुमच्याकडे सोमवार-गुरुवार-शनिवार अंडं-मासे वर्ज्य, वर श्रावण पाळणार, मग दही-दूध एकही दिवस चुकवू नकोस आणि बी-१२ ची तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचार.

‘आता दोघांचं खा’ असं सगळे म्हणतील. तसं नाही. तज्ज्ञांच्या हिशेबानं चौथ्या महिन्यापासून दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, एक वाटी उसळ आणि पेलाभर दूध. ताटाचा आकार दुप्पट व्हायला नको, ताटातले पदार्थ वाढायला हवेत. साखर, मैदा, फरसाण, शीतपेयं यांनी पोट भरेल आणि गरोदरपणातला मधुमेह मात्र जवळ येईल. आपल्या बायकांत तो बराच आढळतो, तेव्हा साखरेची तपासणी टाळू नकोस. तूप भाकरीवर चमचाभर जरूर घे, पण वाटीवाटीनं तूप प्यायल्यानं बाळंतपण सोपं होत नाही. तूप पोटात पचतं, बाळाच्या वाटेपर्यंत जात नाही. केशर-दुधानं आणि शहाळ्यानं बाळ गोरं होत नाही. चव आवडते म्हणून पी, बाळाचा रंग आई-बापाकडून यायचा तोच येणार.

चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी सुरू होईल. सरकारी नियमानुसार ६० मिलिग्रॅम लोह, निदान १८० दिवस. तिच्याबरोबर लिंबूपाणी किंवा आवळा घेतलास तर लोह अंगी लागतं, चहा घेतलास तर वाया जातं. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर आणि लोहाची तिच्यापासून निदान दोन तासांच्या अंतरानं घे. गोळीनं शौचाला काळं होतं, ते पाहून ती थांबवू नकोस. चहा दिवसाला दोन कप पुरे, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर नकोच. सैंधव चांगलं म्हणून आयोडीनचं मीठ बंद करू नकोस, बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतंच.

हरतालिकेचा निर्जळी उपास या वर्षी करायचा नाही. ग्रहण आलं तरी उपाशी, तहानेली बसायचं नाही. एकादशीला मन राहत नसेल, तर नुसती साबुदाण्याची खिचडी न खाता राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दूध आणि फळं घे. मळमळ आहे तोवर तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खा. उशाशी खाकरा नाही तर राजगिऱ्याची वडी ठेव, उठल्या उठल्या ती आधी चघळ. घोटभर पाणीही टिकत नसेल किंवा लघवी कमी झाली, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखान्यात जा. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटली, तर डोहाळा समजून लपवू नकोस. अनेकदा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते. दारूचं, तंबाखूचं, मशेरीचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. कुणी भक्तीनं दिलेला काढा, भस्म किंवा ‘गर्भ पुष्ट करणारी’ पूड आधी डॉक्टरांना दाखव, मग तोंडात घाल.

शेवटी घरातल्यांबद्दल. यादी करणाऱ्या बायकांचा राग धरू नकोस. त्यांनी बाळं दगावलेली पाहिली आहेत आणि कारण हाती न लागल्यानं त्यांनी ते पपईत आणि वांग्यात शोधलं. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना काम सोपव: पाणी उकळून ठेवणं, दही विरजणं, रोजची पालेभाजी निवडून धुणं. पपई नको म्हणाल्या तर पपई सोड, तिच्यावाचून काही अडत नाही. पण अंडं, मासे, पालेभाजी, दूध आणि गोळ्या यांवर तडजोड करू नकोस. तिथे माझं नाव पुढे कर आणि ‘आत्यानं बजावलंय’ म्हणून सांग. तपासणीची एकही तारीख चुकवू नकोस, आणि पुढच्या खेपेला हिमोग्लोबिनचा आकडा मला न विसरता कळव.

तुझी,
आत्या