बसलेला गडी

सातारा,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. छकुलीस,


बोलायचं ठरवून दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. फोनवर तू ‘हो मावशी, बरं मावशी’ म्हणशील आणि अलगद विषय बदलशील. मला कुणी समजवायला आलं की मीही तेच करायची. म्हणून लिहिते आहे. पत्राला मध्येच ‘ठेवते गं’ म्हणता येत नाही.

गौरीजेवणाच्या रात्री साडेअकराच्या सुमाराला मला जाग आली ती ओटीवरच्या आवाजाने. थप थप, थप थप, मग वळण, मग परत थप थप. खिडकीतून पाहिलं तर तू अनवाणी येरझारा घालत होतीस. दर फेरीला मनगट वळवून घड्याळाचा उजेड बघत होतीस. मध्येच थांबलीस, वाकून उजवी नडगी दाबलीस, तोंड आवळलंस आणि पुन्हा चालायला लागलीस. बाराच्या आत पावलांचा आकडा पुरा व्हायला हवा होता, हो ना? त्याच दिवशी सकाळी तू यवतेश्वरच्या घाटात दोन तास पळून आली होतीस. दुपारी पानातली पुरणपोळी चतकोर मोडून उरलेली हळूच आईच्या पानात सरकवली होतीस. हे सगळं मी पाहिलं होतं आणि ‘हौस आहे पोरीला’ म्हणून गप्प बसले होते. पण नडगी दाबताना तुझा हात जिथे गेला ती जागा मी डोळे मिटून दाखवीन. माझ्या डाव्या पायावर तिथे हाडाचा बारीकसा उंचवटा अजून हाताला लागतो.

तुला आमच्या घरात हे कुणी सांगितलेलं नसणार. मी चौतीस वर्षांची होते. शाळेत खेळाची शिक्षिका, मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे, तुझी ताई पाच वर्षांची. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायची. आधी चालत, मग पळत. पहिली दोन वर्षं तो गड म्हणजे माझा स्वतःचा तास होता. वर पोचलं की खाली सगळा सातारा धुक्यात असायचा आणि मला कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची सून काही आठवायचं नाही. तो आनंद खरा होता. तुझाही खरा होता, हे मला ठाऊक आहे. पहिली दहा किलोमीटर पळून आलीस तेव्हाचा तुझा घामेजलेला फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

मग ते कधी फिरलं कळलं नाही. एका फेरीच्या दोन झाल्या. लग्नाला जायचं तर मी आधी त्या गावात पहाटे पळायला रस्ता आहे का ते विचारायची. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट. चुकलेल्या दिवशी मी घरात कुणाशी सरळ बोलत नसे, आणि दोष मात्र त्यांचा असायचा. बँकेत पैसे ठेवायला जाणारी बाई सावकाराचा हप्ता भरायला जायला लागली होती, एवढाच काय तो फरक, आणि तो मला दिसत नव्हता.

एका पहाटे तुझ्या ताईला 102 ताप होता. काका परगावी होते. मी तिला औषध पाजलं, कपाळावर घडी ठेवली, ‘अर्ध्या तासात येते’ म्हणाले आणि बाहेरून कडी घातली. वर गेल्यावर वाटलं, काल एकच फेरी झालीय. दीड तासाने परतले तर शेजारच्या काकू दार उघडून आत बसलेल्या, ताई त्यांच्या मांडीवर, हुंदके देऊन देऊन थकलेली. काकूंनी मला एक शब्द विचारला नाही. छकुली, बावीस वर्षं झाली. त्या दिवशी मी किती पळले ते आजही तोंडपाठ आहे, आणि ते तोंडपाठ असल्याचीच लाज वाटते.

त्यानंतरही मी थांबले नाही. थांबवलं ते पायाने. नडगी आधी फक्त पळताना दुखायची, मग जिना उतरताना, मग रात्री अंथरुणात. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणून मी आणखी तीन आठवडे पळले. हाडाला पडलेली बारीक भेग सुरुवातीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, हे मला पुढे कळलं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पायाआधी मला विचारलं, “पाळी केव्हा आली होती?” सात महिने आली नव्हती. मी तर सुटले म्हणून खुशीत होते. त्यांनी समजावून सांगितलं ते तुलाही सांगते. खर्च भरपूर आणि पोटात कमी, असं फार दिवस चाललं की शरीर काटकसर करायला लागतं, आणि पहिली कात्री बहुधा पाळीला लागते. पाळीबरोबर इस्ट्रोजेन घटतं, आणि ते घटलं की हाडं आतून विरळ होत जातात. वरून तू सडपातळ, चपळ दिसतेस, चार बायका कौतुक करतात, आणि आत पंचविशीतलं हाड म्हातारं होत असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 साली खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटीवर स्वतंत्र निवेदन काढलं. त्यात पुरुषांचाही समावेश केला, कारण तूट त्यांनाही भोवते. हाडं, झोप, प्रतिकारशक्ती, मन, सगळंच त्यात येतं.

तेव्हा सरळ विचारते, लाजू नकोस. तुझी पाळी नीट येते का?

त्या भेगेपायी मला सहा आठवडे पाय टेकायची बंदी झाली. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले. झोप नाही, छातीत धडधड, उगाच रडू. मला वाटायचं, केलेलं सगळं वाया चाललंय, अंग सैल पडतंय. फ्रेडरिक बेकलँड नावाच्या अमेरिकी डॉक्टरने 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाबद्दल मी खूप पुढे वाचलं. व्यायाम महिनाभर बंद केला तर झोपेवर काय परिणाम होतो, हे त्याला बघायचं होतं. पण आठवड्याला पाच-सहा दिवस व्यायाम करणारी माणसं पैसे देऊ केले तरी थांबायला तयार होईनात. शेवटी त्याला तीन-चार दिवस करणाऱ्यांवर भागवावं लागलं, आणि त्यांचीसुद्धा झोप बिघडली, चिंता वाढली. हे तुला आधीच सांगून ठेवते, कारण तू थांबलीस की तुलाही तसंच होणार आहे. तेव्हा घाबरून बूट चढवू नकोस. ती तगमग उतरते.

माझी उतरवली तुझ्या आजोबांनी. ते कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. त्यांच्या बोलण्यात मेहनत आणि खुराक हे शब्द कधी एकेकटे आले नाहीत. आणि दुपारी पैलवान झोपला नाही तर वस्ताद त्याला संध्याकाळी मातीत उतरू देत नसत, असं ते सांगायचे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा म्हटलंय आणि त्याचा अतिरेक करणारा हत्तीला ओढत नेणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो असं लिहिलंय, हेही मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकलं. मला वाटायचं हत्ती म्हणजे गड. पुढे कळलं, गड बिचारा जागच्या जागी होता.

तर आजोबा मला रोज संध्याकाळी रिक्षात घालून शाळेच्या मैदानावर नेऊन सोडायचे. पाय स्टुलावर ठेवून मी मुलींचा खेळ बघत बसायची. चौदा वर्षं खो-खो शिकवणाऱ्या बाईने तो बसून असा कधी पाहिलाच नव्हता. नऊ जणी मैदानात, त्यातल्या आठ चौकोनात बसलेल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. पळणारी एकच. माझी सगळ्यात वेगवान मुलगी त्या दिवशी वारंवार फाऊल होत होती, कारण तिला बसवत नव्हतं. खो मिळायच्या आधीच तिचं ढुंगण जमिनीवरून उठायचं. तिच्या शेजारी एक साधीच मुलगी होती. ती टाच रोवून, बोटं जमिनीला टेकून, मान वळवून बसायची. खो मिळाला की मात्र बाणासारखी सुटायची. मी त्या पोरीकडे बघत राहिले. तिचं बसणं म्हणजे आळस नव्हता, ती पूर्ण वेळ खेळात होती. पळून स्नायूला जो ताण बसतो त्याची डागडुजी बसल्यावर आणि झोपल्यावर होते, ताकद तेव्हा भरते, हे मी फळ्यावर लिहून शिकवलेलं होतं. पटलं मात्र त्या मैदानावर.

आता तुझ्या दोन मुद्द्यांबद्दल. त्या रात्री मी ओटीवर आले तेव्हा तू मला रॉन हिलचं उदाहरण दिलंस, की तो इंग्रज धावपटू बावन्न वर्षं एकही दिवस न चुकता पळाला, पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊनसुद्धा. खरं आहे. 1970 ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारा मोठा गडी तो, आणि डिसेंबर 1964 पासून त्याने खंड पडू दिला नाही. पण ती साखळी कशी संपली तेही सांग ना. जानेवारी 2017 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, पळायला लागून चारशे मीटरवर त्याच्या छातीत दुखायला लागलं. तरी त्याने मैल पुरा केलाच, आणि आपण मरणार असं त्याला वाटलं. मग तो थांबला. बायको, घरची माणसं, मित्र आणि स्वतः, यांचं आपण हे देणं लागतो, असं त्याने सांगितलं. तुझी साखळी 400 दिवसांची झाली आहे म्हणालीस. तेच देणं तूही लागतेस, आणि त्यासाठी त्याच्याएवढी वाट बघायची गरज नाही.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. ‘आकडा पुरा झाला नाही तर मला झोप लागत नाही.’ बाळा, दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या वैद्याने ठरवलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, 1965 साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, जगभर पसरला. आणि तू तर त्याच्याही कितीतरी पुढे गेलीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनेत प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. तुझा एका सकाळचा घाटच 120 मिनिटांचा होता. खेळाडू याहून जास्त करतात, त्यात गैर नाही. पण त्यांच्या तक्त्यात सुट्टीचा दिवस छापलेला असतो, आणि त्या दिवशी त्यांना अपराधी वाटत नाही. तुझ्यातलं काय बिघडलंय ते ओळखायला किलोमीटर मोजू नकोस. उद्या पळायचं नाही, असं मी म्हटलं तर पोटात काय होतं, तेवढं बघ.

आता काय करायचं ते. सगळ्यात आधी ती नडगी. दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येते, रात्रीही दुखते, तर हाडाच्या डॉक्टरांनी तपासेपर्यंत एक पाऊलही पळायचं नाही, आणि एक्स-रे स्वच्छ आला तरी तेवढ्यावर उठून यायचं नाही. दुसरं, स्त्रीरोगतज्ज्ञ. पाळीचं सगळं खरं सांगायचं, रक्त तपासायचं, त्यांना गरज वाटली तर हाडांची घनताही. तिसरं तुला सगळ्यात जड जाईल. एखाद्या समुपदेशकाशी बोल. हे वेडेपणाचं लक्षण नव्हे. माझ्या वेळी असं कुणी मिळालं नाही, म्हणून मला सावरायला दोन वर्षं लागली. रात्री अगदीच कोंडल्यासारखं झालं आणि मला उठवायचा संकोच वाटला (वाटू नये), तर सरकारची ‘टेली-मानस’ची 14416 ही फुकट सेवा आहे, तिथे मराठीतही बोलतात.

आणि घड्याळ आईच्या कपाटात ठेव. पळणं बंद आहे म्हणून सायकल, सायकल नको तर दोरीवरच्या उड्या, असं करू नकोस. मी पाय बांधलेला असताना पलंगावर पडून पोटाचे व्यायाम करत होते, रोज तीनशे. तो पळण्याचाच चोरवाटेचा भाऊ. जेवण मात्र वेळेवर आणि पोटभर, पळालीस त्या दिवशी आणि नाही पळालीस त्या दिवशीही. जेवण ही पळण्याची मजुरी नाही, दर दिवशी ती मिळवावी लागत नाही. दिवाळीत इथे येशील तेव्हा तुझी आई आणि मी करंज्या लाटू आणि तू शेजारी बसून सारण भरशील. नुसती बस. सुरुवातीला अंगावर काटा येईल, पाय आपोआप हलायला लागतील. माझे हलायचे. हलले तर हलू दे.

डॉक्टर हो म्हणतील तेव्हा पुन्हा पळशीलच. मीही पळते. आठवड्यातून तीन दिवस, बाकी दिवस बागेत, आणि पाऊस फार असला तर अंथरुणातच. पण पुन्हा सुरू करशील तेव्हा कुणाबरोबर तरी कर, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने, आणि शक्य तर एखादा खेळ खेळ, ज्यात हसायला येतं आणि संपल्यावर किती पावलं झाली ते विचारायचं सुचत नाही.

तू रागावशील, आईला नावं ठेवशील की हिनेच मावशीला सांगितलं. तिने काही सांगितलेलं नाही. तिला नडगीची खूणसुद्धा माहीत नाही.

सोमवारी सकाळी सातच्या एसटीने निघते आहे. हाडाच्या डॉक्टरांकडे दुपारची वेळ घेतली आहे, मी बरोबर येणार. साडेनऊ-दहाच्या सुमाराला स्वारगेटला उतरेन. घ्यायला ये. चालत नको, रिक्षाने ये.

तुझी,
मावशी