नवग्रहांची नावे व त्यांमागील कथा

गाभाऱ्यातील दर्शन आटोपून भाविक बाहेर येतात आणि मंडपाच्या ईशान्येस असलेल्या नवग्रहांच्या चौथऱ्यापाशी थबकतात. बहुतेकांची दृष्टी प्रथम पश्चिमेकडील शनीवर जाते; काहीजण ती हेतुपुरस्सर चुकवतात. या नऊ देवतांची नावे कशी पडली हे ठाऊक असल्यास मनातील धास्ती कमी होऊन दर्शन अधिक समाधानाचे होईल, या हेतूने पुढील माहिती देत आहोत.

‘ग्रह’ हा शब्द ‘पकडणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे. स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ज्यांचे स्थान बदलताना दिसते, त्या सर्वांना आपल्या पूर्वजांनी ग्रह मानले. म्हणूनच सूर्य व चंद्रही या नवांत आहेत. आजचे खगोलशास्त्र सूर्याला तारा व चंद्राला उपग्रह म्हणते. दोन्ही ठिकाणी शब्द एकच असला तरी अर्थ निराळा आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

मंगळ तांबूस दिसतो, म्हणून तो अंगारक व लोहितांग. शिवाच्या घामाचा थेंब भूमीवर पडून तो जन्मला, अशी कथा असल्याने भौम व कुज हीही त्याचीच नावे. ‘कु’ म्हणजे पृथ्वी. मंगळवारी येणाऱ्या संकष्टीला आपण अंगारकी म्हणतो, ती याच नावावरून. बुध हा चंद्र व तारा यांचा पुत्र. तारा ही बृहस्पतीची पत्नी. तिच्यासाठी देव व दानव यांच्यात युद्ध पेटले आणि पुढे याच बुधापासून चंद्रवंश चालला. देवगुरू बृहस्पतीला राशिचक्राची एक फेरी पुरी करण्यास सुमारे १२ वर्षे लागतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ (२००३, २०१५) व नृसिंहवाडीचे कन्यागत महापर्व यांची गणना या गतीवरच अवलंबून आहे.

दैत्यगुरू शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या होती. बळीराजा वामनाला दानाचे उदक सोडू लागला, तेव्हा ते झारीच्या तोटीत शिरून बसले आणि दर्भाच्या टोकाने एक डोळा गमावून बसले. सत्कार्यात आडवे येणाऱ्यास मराठीत ‘झारीतले शुक्राचार्य’ म्हणतात. आकाशातील शुक्राइतका तेजस्वी ग्रह दुसरा नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

राहू व केतू डोळ्यांना दिसत नाहीत. समुद्रमंथनानंतर मोहिनी अमृत वाढत असता एक असुर देवांच्या पंक्तीत बसला. सूर्य-चंद्रांनी खूण केली आणि विष्णूने त्याचा शिरच्छेद केला. शिर तो राहू व धड तो केतू. गोदावरीकाठी ही कथा गावांच्या नावांतूनही सांगतात : शिर पडले ती राहुरी, काया पडली ते कायगाव, आणि नेवासे येथे मोहिनीराजाचे मंदिर आहे. ज्योतिर्गणितात सूर्याचा व चंद्राचा भासमान मार्ग जेथे एकमेकांस छेदतात, ते दोन बिंदू म्हणजे राहू व केतू. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळपास आली तरच ग्रहण लागते. पंचांगकर्ते ग्रहणाची वेळ आधीच छापू शकतात, ते याच गणितामुळे.

आता शनी. हा सूर्य व छाया यांचा पुत्र. त्याचे पूर्ण नाव शनैश्चर, म्हणजे ‘हळूहळू चालणारा’. या नावात भयाचा लवलेशही नाही. आहे ते केवळ निरीक्षण. शनीला एका फेरीस सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षे. जन्मराशीच्या मागील, प्रत्यक्ष जन्मराशीत व पुढील अशा तीन राशींचा काळ मिळून साडेसाती होते. याचा अर्थ असा की, कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. जगातील जवळजवळ चौथा हिस्सा माणसे आजही साडेसातीत आहेत, आणि साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने ती किमान दोनदा अनुभवली आहे. जे सर्वांच्याच वाट्याला येते, त्याला एकट्यावरचा कोप का समजावे?

वारांचा क्रमही या गतीवरूनच ठरला. मंद गतीकडून शीघ्र गतीकडे मोजल्यास शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम लागतो. दिवसाच्या २४ होरा क्रमाने या सातांना दिल्या, की दुसऱ्या दिवसाची पहिली होरा आदल्या दिवसाच्या स्वामीपासून चौथ्याकडे जाते. शनीपासून चौथा रवी, रवीपासून चौथा चंद्र. म्हणून शनिवारनंतर रविवार व त्यानंतर सोमवार. आर्यभटाने हा नियम ‘आर्यभटीय’ या ग्रंथात दिला आहे. भाविकांनी बोटांवर मोजून पाहावा, मुलांना तर फार मौज वाटते.

घरोघरी वाचल्या जाणाऱ्या शनिमाहात्म्यात उज्जयिनीच्या विक्रम राजाची कथा आहे. राजाने शनीची थट्टा केली. पुढे त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आला, हातपाय तोडले गेले आणि तेल्याच्या घाण्यावर बसावे लागले. अखेरीस शनी प्रसन्न झाला, तेव्हा राजाने स्वतःसाठी काही न मागता, ‘मला झाला तसा त्रास कोणास देऊ नकोस’ असे मागणे मागितले. पोथी ऐकताना घाण्याचा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो, हे मागणे मात्र पुष्कळजण विसरतात. आमच्या मते कथेचे मर्म येथेच आहे.

चौथऱ्यावर मध्यभागी सूर्य आहे. पूर्वेस शुक्र, आग्नेयेस चंद्र, दक्षिणेस मंगळ, नैर्ऋत्येस राहू, पश्चिमेस शनी, वायव्येस केतू, उत्तरेस गुरू व ईशान्येस बुध, अशी मांडणी आहे. प्रदक्षिणा पूर्वेकडून सुरू करावी. तेल मूर्तीवर न ओतता बाजूच्या समईत घालावे. सांडलेल्या तेलावरून वृद्ध भाविक घसरतात. नवग्रहशांती ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. साडेसातीचे भय घालून आवारात कोणी रक्कम मागितल्यास ती देऊ नये व कार्यालयास त्वरित कळवावे.