पावलांच्या टोकावर

१२ मार्च १८३२ ची रात्र. पॅरिसच्या ऑपेरागृहात ‘ला सिल्फीद’ हे नृत्यनाट्य प्रथमच सादर होत होते. वायुकन्येची भूमिका मारी ताल्योनी करीत होती. शुभ्र, तलम वेष धारण केलेली ही नर्तकी पायांच्या बोटांच्या टोकांवर अशी अलगद उभी राही, की तिचे पाऊल भूमीला टेकले आहे की नाही, असा संभ्रम पडावा.

अशा रीतीने टोकांवर तोल सावरून नाचण्यास बॅले नृत्यात ‘प्वांत’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ टोक किंवा अग्र असा आहे. त्याचे मूळ ‘टोचणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत सापडते. बॅलेचा उगम इटलीतील राजदरबारांत झाला. परंतु फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ साली नृत्याची राजसंस्था स्थापन केली आणि तेथे या कलेला शिस्त लाभली. म्हणूनच बॅलेची परिभाषा आजही जगभर प्रामुख्याने फ्रेंच आहे.

ताल्योनीच्या पूर्वीही काही नर्तकी क्षणभर टोकांवर उभ्या राहत. शार्ल दिदलो या नृत्यरचनाकाराने तर १७९६ साली लंडनमध्ये नर्तकांना तारांच्या साहाय्याने उचलून धरण्याची युक्ती योजिली होती. परंतु टोकांवर उभे राहणे ही तेव्हा केवळ करामत वाटे. ताल्योनीने त्या करामतीत भाव ओतला. वायुकन्येला भार नसतो, हे तिच्या पावलांनी सांगितले.

हे यश सहज लाभले नव्हते. तिचे वडील फिलिप्पो हेच तिचे गुरू. १८२२ साली व्हिएन्ना येथे तिने रंगमंचावर पदार्पण केले. त्यापूर्वी कित्येक महिने ते तिच्याकडून रोज तासन्‌तास मेहनत करवून घेत. तिचे सॅटिनचे जोडे मऊ असत. त्यांना आधार काय तो रफूच्या टाक्यांचा! पुढे कापड, कागद व खळ यांचे थर देऊन जोड्यांची टोके टणक करण्यात येऊ लागली. तरीही केवळ जोड्यांच्या बळावर कोणी टोकावर उभे राहू शकत नाही. विद्यार्थिनी प्रथम काही वर्षे चवड्यांवर तोल साधते. पावले व पोटऱ्या पुरेशा बळकट झाल्यावरच, बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास, गुरू तिला ते जोडे घालू देतात.

प्रेक्षकांना दिसते ते हलकेपण. त्यामागील भार मात्र नर्तकीची बोटेच जाणतात.

शब्दार्थ : तलम – अतिशय बारीक विणीचे; परिभाषा – शास्त्रातील किंवा कलेतील विशिष्ट शब्द; खळ – चिकट लापशी.

स्वाध्याय :
१. बॅलेची परिभाषा फ्रेंच का आहे?
२. ‘करामत’ आणि ‘कला’ यांतील भेद पाठाच्या आधारे स्पष्ट करा.