दंभाची वंशावळ

“गळ्यात माळ घालणारेच मापात मारतात; त्यापेक्षा आम्ही बिनमाळेचे बरे!” हे वाक्य आम्ही गावोगावी ऐकतो. बोलणारा बहुधा तरुण असतो आणि त्याने एखादे खरे उदाहरण पाहिलेले असते. म्हणून त्याला झिडकारून चालणार नाही. मापात मारणारा माळकरी जगात आहेच. पण त्या वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धातून निघतो का, हे पाहण्यापूर्वी दंभ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

दम्भ् या धातूचा अर्थ फसवणे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासूनच सुरू होते, आणि तेथे श्रीशंकराचार्य त्याचा अर्थ धर्मध्वजीपणा असा करतात. म्हणजे धर्म निशाणासारखा मिरवायचा, मग निशाणाखाली काही असो वा नसो. तेराव्या अध्यायातले भाष्य याहून बारीक आहे. तेथे आपला धर्म उघड करून दाखवणे यालाच आचार्य दंभित्व म्हणतात. आता बघा, पहिल्या अर्थाने जो खोटे दाखवतो तो दांभिक. दुसऱ्या अर्थाने जो खरे आहे तेच दाखवतो तोही त्यात सापडतो! एकादशी खरी केली, पण दहा जणांना सांगितली, की पाय घसरला. ज्ञानोबारायांनी याच ठिकाणी लोभ्याचा दृष्टांत घेतला आहे: जीव गेला तरी तो पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही. शेतकरी पेरलेले बी मातीने झाकतो, हाही त्यांचाच दृष्टांत. उघडे राहिलेले बी पाखरे टिपतात, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

संस्कृत कवींनी या दंभाची फार थट्टा केली आहे. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘कलाविलास’ रचला. त्याच्या पहिल्याच सर्गात दंभ ब्रह्मदेवाच्या सभेत येतो. त्याचे सोवळे पाहून सारे ऋषी चकित होतात. ब्रह्मदेव त्याला मांडीवर बसायला सांगतात, तर हा आधी मांडीवर पाणी शिंपडतो, मग बसतो. वर म्हणतो, मोठ्याने बोलू नका. बोलायचेच तर तोंडावर हात धरा, तुमचा श्वास मला लागेल! प्रत्यक्ष विधात्याचा विटाळ! ब्रह्मदेव हसले आणि त्यांनी त्याला ओळखले.

कृष्णमिश्रांच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ नाटकात हाच दंभ काशीत ठाण मांडून बसला आहे. तेथे एक पाहुणा येतो. त्यालाही दंभाकडून लांब उभे राहण्याची आज्ञा होते, कारण वाऱ्याने त्याच्या घामाचे थेंब उडतील. शेवटी ओळख पटते, तो पाहुणा दंभाचा आजोबा अहंकार! अहंकाराचा मुलगा लोभ, लोभाचा दंभ, आणि दंभाचा मुलगा असत्य. या वंशावळीत सगळे मानसशास्त्र आहे, बरं का. आधी ‘मी’ मोठा होतो. मग त्या मोठेपणाची हाव सुटते. हाव भागवायला सोंग लागते, आणि सोंग टिकवायला खोटे बोलावे लागते. आपण पकडतो ते नातवंड. आजोबा ओसरीवर खुशाल बसलेले असतात.

आणि तो आजोबा फक्त लोकांनाच फसवतो असे नाही. अमेरिकेतील कॅन्सास विद्यापीठात डॅनियल बॅट्सन यांनी 1997 आणि 1999 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. दोन कामे होती, एक बक्षिसाची आशा असलेले, दुसरे कंटाळवाणे. माणसाने एकट्याने ठरवायचे, कोणते काम आपल्याला आणि कोणते न दिसणाऱ्या दुसऱ्याला. नाणे उडवणे न्यायाचे, असे सुचवून नाणेही जवळ ठेवले. सुमारे निम्म्यांनी ते उडवले. छापा-काट्याच्या हिशेबाने त्यांतल्या निम्म्यांना कंटाळवाणे काम यायला हवे. पण दहांतल्या जवळजवळ नवांनी चांगले काम स्वतःलाच घेतले! आणि नाणे न उडवता घेणाऱ्यांपेक्षा हे स्वतःला अधिक नीतिमान समजत होते. पाहायला तेथे कोणी नव्हते. मग नाणे कोणासाठी उडवले? स्वतःच्याच डोळ्यांत भले दिसावे म्हणून. आमच्या मते दंभाचे हे सर्वांत खोल घर आहे. लोक झोपले तरी हा प्रेक्षक जागाच असतो.

पुढे बॅट्सन यांनी त्या माणसांसमोर आरसा ठेवला. तेव्हा नाणे उडवणाऱ्यांनी न्याय पाळला, बरोबर निम्म्यांनी कंटाळवाणे काम पत्करले. मात्र न्याय काय हे आधी स्पष्ट सांगितले नव्हते, तेव्हा आरसा कामी आला नाही. माणसांनी न्यायाची व्याख्याच सैल केली. श्रवण आधी का, याचे याहून सरळ उत्तर आम्हाला माहीत नाही. संतवचन ऐकलेच नाही तर आरशात काय शोधायचे?

म्हणाल, मग लौकिकाची चाडच टाकून द्यावी का? नाही. चार लोक काय म्हणतील या भीतीने गुत्त्याच्या दारातून जो परत फिरला तो दांभिक नव्हे. लोकलज्जेने वाईट टळते तोवर ती काठी आहे, म्हाताऱ्याने टेकावी तशी टेकावी. त्याच काठीवर झेंडा बांधून मिरवू लागला की आचार्यांचा धर्मध्वजी झाला. तसेच, नेम धरला आणि मोडला, मनात खंत आहे, पुन्हा धरतो, तोही दांभिक नव्हे. तो दुबळा आहे, एवढेच. आजकाल वारीत पाऊल टाकण्याआधी मोबाईलवर फोटो निघतो. फोटो काढला म्हणून वारी खोटी होत नाही. पण फोटो निघाला नसता तर चाललो असतो का, हे ज्याचे त्याने विचारावे. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ती चाल मांडीवर पाणी शिंपडणाऱ्या पाहुण्याला मुळीच सोसणार नाही. अर्थात कोण जास्त वाकतो, यातही चढाओढ लावणारे महाभाग आहेत. असो.

आता बिनमाळेच्या तरुणाकडे येऊ. महाभारताच्या उद्योगपर्वात तपस्वी बोक्याची गोष्ट आहे. गंगाकाठी हात वर करून तो तप करतो. उंदीर विश्वासाने आपली म्हातारी-कोतारी आणि पोरे त्याच्या हवाली करतात. बोका लठ्ठ होतो, उंदीर कमी होतात. शेवटी एक शहाणा उंदीर ओळखतो, कंदमुळे खाणाऱ्याच्या विष्ठेत केस कुठून आले! सातव्या शतकातील मामल्लपुरमच्या शिल्पपटात हा बोका अजून उभा आहे. पण ही गोष्ट महाभारतात सांगतो कोण? दुर्योधन. शकुनीचा मुलगा उलूक याच्या तोंडून तो ती पांडवांच्या छावणीत पाठवतो, कोणाला उद्देशून, तर धर्मराजाला! द्यूताच्या फाशांनी राज्य घेणारा दुसऱ्याला बोका म्हणतो. गोष्ट खरी, उंदराची परीक्षा खरी, पण सांगणाऱ्याला आपले राज्य परत द्यायचे नाही, म्हणून ती आठवते.

मापात मारणाऱ्या माळकऱ्याला आम्ही तोंडावर सांगू, माप आधी सरळ कर. तरुणाला एवढेच विचारू, बाबा, त्याच्या मापाने तुझी माळ का अडते? तुझे माप तर तुझ्याच हातात आहे.