आधी आवाजाकडे बघा

प्रश्न : श्रीरामपूरजवळच्या गावात आमची छोटी मंडळी आहे. आजारी, वृद्ध सभासदांना उपदेश घरी ऐकवायचाय. कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : कॅमेरा राहू द्या, हातातला मोबाइल पुरे. पैसे घालायचे तर कॉलर माइकवर घाला. पत्र्याखाली आवाज घुमतो. लांब ठेवलेल्या फोनमध्ये पाळकांचे शब्द कळेनासे होतात. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. थेट प्रक्षेपणाची घाई नको, रेंज ऐन वेळी दगा देते. उपदेश रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर पाठवा. एका यादीत 256 जण मावतात, पण प्रत्येकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह हवा. नाहीतर संदेश पोहोचतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे बटणांचा फोन असेल, तर तरुण संघातल्या कुणाला तरी मेमरी कार्ड भरून घरी पाठवा, आणि घटकाभर त्यांच्यापाशी बसायलाही सांगा.