परसबागेत तेरडा लावा, बी घरचं ठेवा

मैत्रिणींनो, परसबाग म्हटलं की आपण मेथी, पालक, वांगी, दोडका अशी नावं घेतो. या वेळचा पाठ एका फुलाचा आहे: तेरडा. पावसाळ्यात नाल्याकाठी, ओलसर बांधाला तो आपोआप उगवतो आणि थंडी पडेपर्यंत संपतो. हे आपल्याच देशाचं रानफूल. पण बांधावर तणनाशक मारलं की तणाबरोबर तेरडा आणि कुर्डूही जातात. मग गौरी-महालक्ष्म्यांच्या वेळी फूल विकत आणावं लागतं.

कोकणात तेरड्याच्या रोपांचीच गौर मांडतात. आपल्याकडे मुखवट्यांच्या महालक्ष्म्या, पण दारात रंगीत फूल हवंच की! एक मात्र आधीच सांगते, तेरड्याची फुलं विकून पैसे होतील असं समजू नका. तोडलेलं फूल लगेच मलूल होतं, 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण उगीच नाही. बाजारासाठी झेंडूच बरा. झाड मात्र कित्येक आठवडे फुलत राहतं, आणि त्याचा खरा फायदा भाजीला होतो.

तो असा. काकडी, कारलं, लाल भोपळा यांच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. नराचे परागकण मादीपर्यंत पोचवायला मधमाशी लागते. ती आली नाही तर फुलामागची एवढीशी काकडी पिवळी पडून गळते. आपण म्हणतो रोग पडला! दर वेळी रोगच असतो असं नाही, पुष्कळदा माशीच आलेली नसते. तेरड्याच्या फुलामागे बारीक वाकडी शेपटी असते, तिच्यात मध असतो. त्यासाठी मधमाश्या, फुलपाखरं येतात आणि शेजारच्या वेलावरही फिरतात. म्हणून वेलाच्या मांडवाजवळ दहा-बारा रोपं असू द्या. तीही एकेरी पाकळ्यांची. गुलाबासारखा भरगच्च डबल तेरडा दिसायला छान, पण त्यात माशीला मधापर्यंत पोचणं अवघड जातं. फवारणी करायचीच असेल, अगदी निंबोळी अर्काची, तरी संध्याकाळी माश्या परतल्यावर करा.

पेरणीची वेळ लक्षात ठेवायला सोपी आहे. बी टाकल्यापासून फूल यायला साधारण दोन महिने लागतात. महालक्ष्म्या भाद्रपदात. म्हणजे वारकरी पंढरपूरच्या वाटेला लागले की बी टाकायचं. ज्या वर्षी अधिक श्रावण असेल त्या वर्षी महिनाभर थांबलं तरी चालतं. पाऊस लांबला तर कुंडीत किंवा फुटक्या घमेल्यात रोपं करून घ्या. बी खोल पुरू नका, वरून माती नुसती भुरभुरवा. आठ-पंधरा दिवसांत उगवतं. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा. शेंडा खुडायची गरज नाही, कारण फुलं खोडालगत पानांच्या बगलेत येतात.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि तेरड्याचं रसाळ खोड बुडाशी सडतं. तेव्हा गादीवाफा करा, मातीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. दुसरी अडचण उघडिपीची. श्रावणात पावसाने दडी मारली की तेरडा सगळ्यात आधी मान टाकतो. त्याला दुपारची सावली मिळेल अशी जागा द्या, भिंतीच्या पूर्वेला किंवा शेवग्याखाली. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बुडाशी ओता. पानांवर पांढरी भुरी दिसली तर ती पानं काढून टाका आणि रोपांत वारा खेळू द्या.

आता मुख्य काम, बियांचं. तेरड्याची शेंग पिकली की हात लागताच फुटते, साल गुंडाळते आणि बी लांब उडतं. लेकरांना हा खेळ फार आवडतो, पण आपलं बी जातं. शेंग फुगून फिकट हिरवी झाली की अख्खी मुठीत धरून तोडा. नाहीतर जुन्या ओढणीचा तुकडा फांदीला सैल बांधा, फुटलेलं बी त्यातच पडेल. बी आठवडाभर सावलीत वाळवा. कागदाच्या पुडीत घालून, वर रंग आणि महिना लिहून, कोरड्या डब्यात ठेवा. गुलाबी, पांढरा शेजारी असतील तर माश्या परागकण इकडचे तिकडे करतात, पुढच्या वर्षी रंग बदललेला दिसेल. थोड्या शेंगा झाडावरच राहू द्या, म्हणजे पुढच्या पावसात काही रोपं आपोआप येतील.

पहिलं बी नाल्यावरून, बांधावरून आणा, तेही थोडंच. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातून मात्र आणू नका, तिथून परवानगीशिवाय झाडपाला नेता येत नाही.

पाकळ्या वाटून नखांवर बांधल्या तर मेंदीसारखा रंग चढतो. म्हणून याला गुलमेंदीही म्हणतात. कोरियातल्या मुलीही याच फुलाने नखं रंगवतात. तेरड्याची भाजी मात्र करू नका, कुणी औषध म्हणून सांगितलं तरी पोटात घेऊ नका.

दसऱ्यानंतरच्या गटाच्या बैठकीला प्रत्येकीने एकेक पुडी आणावी. ज्यांच्याकडे बी नाही त्यांना त्यातून द्यायचं, आणि कुणी कुणाला दिलं ते बैठकीच्या वहीत लिहायचं.